लाल सुई मागे आणू नका

मी मुठीचा काटा बोलतोय.

माणसाच्या मुठीत जोर किती, ते किलोत सांगायचं, हे माझं काम. भाजीचा काटा वेगळा, सोन्याचा वेगळा. माझं अंग लोखंडी. धरायला एक वाकवलेली दांडी, आत जाड स्प्रिंग, वर तबकडी. तबकडीवर दोन सुया, एक काळी, एक लाल. दांडी आवळली की काळी पुढे सरकते आणि लालला ढकलत नेते. मूठ सुटली की काळी शून्यावर परत येते. लाल येत नाही. जिथवर गेली तिथेच उभी राहते. वहीत तिचाच आकडा लिहितात. मग कुणीतरी तिला बोटानं मागे आणतं आणि पुढच्या माणसाला म्हणतं, "दाबा."

शिक्षण माझं शून्य ते नव्वद. त्यापुढचं मला येत नाही. पण जेवढं येतं तेवढं चोख.

ज्या कारखान्यात मी घडलो तिथे एक म्हातारा तपासनीस होता. दांडीला वजनं टांगायचा आणि सुईकडे डोळे बारीक करून बघायचा. दहा टांगले की दहाच दिसले पाहिजेत. माझ्या पाठीवर शिक्का मारताना तो म्हणाला, "खोटं बोललास तर परत भट्टीत घालीन." मी ते शब्द जपले. तीस वर्षं एका किलोचंही खोटं बोललो नाही. आज जे सांगणार आहे ते ऐकून ठरवा, त्या खरेपणाचा कुणाला काय उपयोग झाला.

आधी काही वर्षं मोडक्या हातांच्या विभागात होतो. तिथे सगळं सरळ असतं. हाड मोडतं, जुळतं, आकडा वाढतो, माणूस घरी जातो. मग मला तिसऱ्या मजल्यावर हलवलं. संधिवाताचं संशोधन चालायचं ती खोली. एक खिडकी, एक टेबल, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, भिंतीला वजन-उंचीची पट्टी. खोलीत दोघीजणी. एक डॉक्टरबाई, चष्मा केसांत खोचून तो दिवसभर शोधणाऱ्या. दुसऱ्या नोंदी ठेवणाऱ्या बाई. "दाबा" म्हणायचं काम त्यांचं.

हा संधिवात म्हणजे म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे. यात शरीराचे राखणदारच उलटतात आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडतात. सांधे सुजतात, तापतात, आणि वेळेत आवरलं नाही तर झिजून वेडेवाकडे होतात. सकाळी अशा माणसाला स्वतःची मूठ मिटता येत नाही. माझ्याकडे वीतभर रुंद पंज्यांचे हमाल आले आणि चार किलोवर थांबले.

डॉक्टरबाईंना एकच प्रश्न सतावत होता. तेच औषध, तेवढंच प्रमाण. एकाचे हात महिन्यात मोकळे होतात, दुसऱ्याला पाणी टोचल्यासारखं. का? त्या म्हणायच्या, "नाव एक असलं तरी आतला आजार एक नसावा." म्हणून उपचाराआधी प्रत्येकाच्या गुडघ्यातून सुईनं अस्तराचा तांदळाएवढा तुकडा काढायच्या, जपून ठेवायच्या. कुणाच्या तुकड्यात कसल्या पेशींची गर्दी आहे आणि कुणाला कुठलं औषध लागू पडतं, याचा मेळ त्यांना घालायचा होता. मेळ लागला असता तर पुढच्या रोग्याला आधीच सांगता आलं असतं, हे घे, ते नको. काम मोठं होतं. त्यात माझा आकडा होता. मला अभिमान वाटायचा.

अशात त्या दोघी बहिणी आल्या.

थोरली बेकरीत पीठ मळायची. आडव्या अंगाची, मान खाली, कुणी मोठ्यानं बोललं तरी दचकणारी. धाकटी बारीक, तुरतुरीत. वडिलांचं घड्याळ-दुरुस्तीचं दुकान तीच चालवायची. आई लवकर गेली, तेव्हा थोरलीनं शाळा सोडून धाकटीला वाढवलं होतं. दोघींना वर्षाच्या अंतरानं एकच आजार जडला.

"दाबा," नोंदीच्या बाई म्हणाल्या.

थोरलीनं दाबलं. सात. धाकटीनं दाबलं. नऊ.

"बघ ताई, तुझ्यापुढे गेले," धाकटी म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा."

"लहानपणी माझ्या ताटातलं खाल्लंस ना, त्याचा जोर आहे तो."

त्या दिवशी तिसऱ्या वेळी माझी काळी सुई मध्येच अडकली. नोंदीच्या बाईंनी मला दोनदा टेबलावर आपटलं. लोकांना यंत्र आपटलं की बरं होतं असं वाटतं. धाकटी कळवळून म्हणाली, "अहो, मारताय काय त्याला! द्या इकडे." पर्समधून पत्र्याची छोटी डबी काढली, डबीतून चिमटा. सुजलेल्या बोटांनी माझी काच उघडली, श्वास धरला आणि आतून कापसाचा एक तंतू ओढून काढला. काच बसवली, फडक्यानं पुसली.

"झालं. आता खोटं बोलायचं नाही हं," ती मला म्हणाली.

तीस वर्षांत माझ्या आत नजर घातलेलं ते एकच माणूस.

कुणाला कुठलं औषध, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं; दोघींना एकच निघालं. डॉक्टरबाईंनी नऊ पानं वाचून दाखवली. कितव्या पानावर कोण जाणे, असं होतं की चार महिन्यांत ज्याला फरक पडणार नाही, त्याला दुसऱ्या औषधावर घेतील. त्यांनी ते वाचलं. भराभर वाचलं. दोघींनी मान हलवली. सूज दडपणाऱ्या जुन्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, हेही सांगितलं. दोघींनी पुन्हा मान हलवली.

बाहेर पडताना थोरली म्हणाली, "बारके, तू असशील तर मी. तू ज्या दिवशी नाहीस, त्या दिवशी मी पण नाही. मला एकटीला इथे यायला लावू नकोस."

हे पोकळ नव्हतं. याआधी तिनं तीन दवाखाने अर्धवट सोडले होते. एका डॉक्टरनं सगळ्यांदेखत झापलं म्हणून एक, आणि बाकीचे दोन धाकटी सोबत नव्हती म्हणून.

दुसऱ्या महिन्यात थोरलीनं मला धरलं आणि मला कळलं. दांडीवर पडलेला हात गार होता, बोटं बसत होती. अकरा. तिसऱ्या महिन्यात पंधरा. "मी काल अर्धं पोतं मळलं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मान वर करून बोलली.

धाकटी नऊ. मग आठ.

त्याच वाराला एक सुतार यायचे, या दोघींच्या महिनाभर आधी सुरू झालेले. धाकटी त्यांना काका म्हणायची. त्यांचाही आकडा हलत नव्हता. बारावरच अडलेला. त्यांच्या चौथ्या महिन्यात एकदा डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं, दार लावलं. पुढच्या वेळी त्यांची खुर्ची रिकामी. धाकटीनं शिपायाला विचारलं.

"सुतारकाका?"

"त्यांचं इथलं संपलं," शिपाई म्हणाला आणि पुढचं नाव पुकारायला गेला.

धाकटीनं जे समजायचं ते समजून घेतलं. ज्याचा आकडा वाढत नाही त्याला घरी पाठवतात. पुढची पाळी तिची होती. ती गेली की थोरली येणार नाही. थोरलीचे हात पंधरावरून पुन्हा सातवर.

मला माहीत होतं. सुतारांना दुसरं औषध सुरू झालं होतं आणि त्याचा वार शुक्रवार होता. दर शुक्रवारी ते मला दाबत होते. चौदा. एकोणीस. सव्वीस. मी ते आकडे दाखवले. पण ती शुक्रवारी तिथे नव्हती, आणि मला शून्य ते नव्वदपलीकडे काही बोलता येत नाही.

पुढच्या वेळी नोंदीच्या बाई कागद आणायला बाहेर गेल्या. थोरली अजून जिन्यावर होती. धाकटीनं पत्र्याची डबी उघडली. आत चिमटा नव्हता, गोळ्या होत्या. जुन्या चिठ्ठीवरच्या, सूज दडपणाऱ्या. तीन दिवस ती त्या घेत असावी, कारण हाताची ऊब उतरली होती. एक तिथेच गिळली, पाण्याशिवाय.

"दाबा."

तिनं दाबलं. तिच्या हाताचं सारं मला कळत होतं. मधल्या बोटाचा सांधा आत घासत होता. तळव्याला घाम फुटला. काळी सुई नुसती थरथरत होती, जसा मार खाणारा माणूस थरथरतो. पण तिनं सोडलं नाही. अकरा, बारा, तेरा. मग सुटलं. काळी परत आली. लाल तेरावर उभी राहिली, निवांत, जणू काही झालंच नाही. लाल सुई थरथरत नाही. आणि वहीत लालचाच आकडा लिहितात.

"अरे वा!" नोंदीच्या बाई म्हणाल्या. "तुम्हालाही लागू पडलं की!"

"रक्त एकच आमचं," धाकटी म्हणाली. "ताईला पडलं तर मला का नाही पडणार?"

मग डॉक्टरबाई एकेक सांधा दाबून विचारायच्या, "दुखतं?" ती म्हणायची, "नाही." चेहरा हलायचा नाही. वीस वर्षं डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून बसलेली बाई ती. तिला ते साधायचं.

असं वर्षभर चाललं. थोरली बावीसवर गेली. धाकटी सोळावर. एक खरं, एक मारून मुटकून आणलेलं. दोन्ही मीच दाखवलं. तिनं दाबलेले सोळा किलो सोळाच होते, त्यात माझी चूक काढता येणार नाही. मी जोर सांगतो. दुखणं सांगत नाही. कुणी मला तसं बनवलंच नाही.

वर्षाअखेर तुकडे भिंगाखाली गेले आणि हातांचे एक्स-रे निघाले. डॉक्टरबाई धाकटीच्या तुकड्यापाशी अडल्या. या औषधानं ज्या पेशी मरतात त्या तिच्या अस्तरात जवळजवळ नव्हत्याच. तरी तिचा आकडा वाढलेला. "ही बाई माझा सगळा हिशेब मोडतेय," त्या नोंदीच्या बाईंना म्हणाल्या. पण आवाजात राग नव्हता, आनंद होता. नवीन काहीतरी सापडलं असं त्यांना वाटलं. तिच्या नावापुढे त्यांनी लाल पेन्सिलीनं गोल केला. आठवडाभर त्याच गोलाभोवती फिरत राहिल्या.

मग एक्स-रे आले.

दोघी समोर बसल्या होत्या. डॉक्टरबाईंनी फिल्म खिडकीवर धरली. चष्मा डोळ्यांवर होता, केसांत नव्हता.

"हे हात बऱ्या होणाऱ्या माणसाचे नाहीत," त्या धाकटीला म्हणाल्या. "सांधे खाल्ले गेलेत. वर्षभर हे चालू आहे. मग मूठ कशी वाढली?"

धाकटीनं हात मांडीवर ओढून घेतले.

"काय घेत होतात?"

धाकटीनं डबी काढून टेबलावर ठेवली. झाकण तिला उघडेना. थोरलीनं उघडलं. आतलं बघितलं.

"मला घरी पाठवलं असतंत ना," धाकटी म्हणाली. "सुतारकाकांना पाठवलं तसं."

"सुतारांना?" डॉक्टरबाई गोंधळल्या. "त्यांना कुठे पाठवलं? ते शुक्रवारी येतात. दुसऱ्या औषधावर आहेत. परवा ही खुर्ची एका हातानं उचलून दाखवली त्यांनी."

बाहेर शिपाई कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"तुमचं अस्तर त्यांच्यासारखंच आहे," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "तेव्हाच तुम्हालाही ते औषध दिलं असतं. तेरा आला नसता, तर दिलंच असतं." आणि मग खुर्चीत बसल्या. "नऊ पानं वाचली मी. एक वाक्य नीट समजावलं नाही."

थोरली बहिणीकडे वळली. "म्हणजे माझ्यापायी?"

"तुझ्यापायी कशाला? सोळाचा आकडा छान दिसत होता."

"बारके, थट्टा करू नकोस."

"मग काय रडू? रडून चिमटा धरता येणारेय का?"

थोरलीनं टेबलावर हात आपटला. ज्या हातात वर्षापूर्वी सात किलो होते, त्यानं मी जागचा उडालो.

धाकटीला दुसरं औषध लागलं. तीन महिन्यांत सूज उतरली, दुखणं थांबलं. डॉक्टरबाईंचा मेळ बरोबर होता. औषधानं आपलं काम केलं. पण जे झिजलं होतं ते औषध परत आणत नाही. बोटं एका बाजूला कलली होती, अंगठा वळत नव्हता. चिमटा धरायचा तर दोन टोकं एकत्र यावी लागतात. तिची येत नव्हती.

पुढे ती आली की नोंदीच्या बाईंशी बोलायची, त्यातून मला कळत गेलं. दुरुस्तीला आलेली घड्याळं गिऱ्हाइकांना परत केली. वडिलांचं भिंग एका ओळखीच्या दुकानदाराला दिलं. थोरलीनं शिकायचा हट्ट धरला, तर पहिल्याच दिवशी एका घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग तोडली. "पीठ समजून मळलीस की काय," धाकटी म्हणाली होती. आता दुकानात फक्त पट्टे बदलतात. तेही थोरली, बेकरी सुटल्यावर.

"दाबा," तिला कुणी म्हणत नसे. एकदा सवयीनं नोंदीच्या बाईंच्या तोंडून निघून गेलं. तिनं मला उचललं. बोटं दांडीभोवती गेलीच नाहीत. काळी सुई हलली नाही. मी शून्य दाखवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, भट्टीत घाला, पण एकदा खोटं बोलू द्या.

त्यानंतर थोरलीचा आकडा उतरू लागला.

बावीस. अठरा. तेरा.

नोंदीच्या बाईंचं पेन थांबलं. डॉक्टरबाई काळजीत. "औषधाचा जोर ओसरला असावा. बदलावं लागेल." रक्त तपासलं, ठीक. सांधे दाबले, सूज नाही. तरी आकडा तेरा. वहीतल्या आकड्यावर किती विसंबायचं, हा धडा त्यांना एकदा मिळाला होता, पण माणूस दोनदा शिकतो तेव्हाच शिकतो.

मला मात्र कळत होतं. ज्या हातात जोर नसतो तो दांडीवर सैल पडतो. थोरलीचा हात सैल नव्हता. तो थांबवलेला होता. मनगटापर्यंत जोर येत होता आणि तिथे ती त्याला अडवत होती.

त्या दिवशी डॉक्टरबाई नवीन औषधाचा कागद भरत होत्या. धाकटी शेजारी बसून बघत होती. थोरलीनं दाबलं. बारा.

"ताई," धाकटी म्हणाली. "नीट दाब."

"दाबतेय की."

"मला शिकवतेस? मी वर्षभर फसवलंय ह्या काट्याला. तुझी कोपरं ढिली आहेत. तू दाबतच नाहीस."

थोरलीनं मला खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुझ्यासमोर कसं दाबू? तुझं शून्य येतं आणि मी बावीस दाखवू? मला माझे हात नकोत असे. दे म्हणावं बदलून औषध. जाऊ देत तेही."

"जाऊ देत?" धाकटीचा आवाज चिरकला. "माझे गेले ते कशासाठी गेले मग? तुझे राहावेत म्हणून ना? आता तेही नाही म्हणतेस? मग माझं काय उरलं, ते सांग. सांग ना."

थोरलीनं हात मागे घेतले.

धाकटीनं मला दोन्ही हातांच्या मनगटांमध्ये धरून उचललं, बोटांनी येत नव्हतं म्हणून, आणि बहिणीच्या मांडीवर ठेवलं. "दाब. तुझ्याकडे आहे तेवढं सगळं. मला बघायचंय."

थोरलीनं दाबलं. डोळे मिटून, ओठ चावून, रडत. यावेळी काही अडवलं नाही. वीस. तेवीस. काळी सुई स्थिर होती, लालला पुढे नेत होती. सत्तावीस.

मूठ सुटली. काळी परत आली.

धाकटीनं वाकून तबकडी बघितली. डोळ्याला भिंग असल्यासारखी बघितली. "सत्तावीस," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझे नऊ धरून दोघींचे मिळूनही इतके नव्हते."

नोंदीच्या बाईंनी आकडा लिहिला. डॉक्टरबाईंनी नव्या औषधाचा कागद फाडला. लाल सुई मागे आणायला बाईंचं बोट पुढे आलं, आणि धाकटी म्हणाली, "राहू द्या. आजच्या दिवस राहू द्या."

तो एक दिवस लांबला. दुसऱ्याच आठवड्यात बॅटरीवरचा नवा काटा आला. त्याला सुया नाहीत, नुसते आकडे उजळतात. मला टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं. तिथे मी आहे. सोबत जुन्या वह्या आणि एक पत्र्याची डबी. धाकटीनं ती कधी मागितली नाही. डॉक्टरबाईंनी कधी टाकली नाही. नवा रोगी आला की आता त्या नऊ पानं बाजूला ठेवतात आणि एक वाक्य तीनदा सांगतात. "फरक नाही पडला, तर तुमची चूक नाही. आम्ही दुसरं देऊ. खरं सांगा." मला खणातून ऐकू येतं. एक वर्ष उशिरा ऐकू येतं.

मी मागणाऱ्यांतला नाही. आयुष्यभर फक्त सांगत आलो. पण आता मागतो. मूठ मोजायला बसाल तेव्हा लाल सुईवर जाऊ नका. काळीकडे बघा, थरथरते का. आणि आकडा लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, घरी कोण आहे, आणि हा आकडा तू कुणासाठी आणलास.

आणि कुणी हा खण उघडलाच, तर माझी लाल सुई सत्तावीसवर दिसेल. ती बिघडलेली नाही. मागे आणू नका.